संमतिपत्राने प्राण वाचत नाहीत

दिवाळीची सुटी संपवून आश्रमशाळेकडे परत निघालेल्या मुलांची बस ९ नोव्हेंबर २०२५ रोजी अक्कलकुवा तालुक्यातील देवगोई घाटात दरीत कोसळली. दोन विद्यार्थी प्राणास मुकले आणि अनेक जखमी झाले. त्यापूर्वी महिनाही उलटला नव्हता तोच, ऐन धनत्रयोदशीच्या दिवशी, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदशैली घाटात उलटून किमान सहा जणांचा अंत झाला होता. सातपुड्याच्या या दोन्ही दुर्घटनांनी नंदुरबार जिल्हा हळहळला. परंतु हळहळ ही फार अल्पायुषी असते. सहलींचा हंगाम आला की त्याच घाटांतून मुलांनी भरलेल्या गाड्या पुन्हा धावू लागतात, आणि मधल्या काळात काय बदलले असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर कोणापाशीही नसते.

देवगोईची ती बस सहलीची नव्हती, हे आम्ही जाणतो. त्या अपघाताचे खापर कोणाच्या माथी फोडावयाचे हे ठरविणेही चौकशीचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु आईबापांनी शाळेच्या भरवशावर गाडीत बसविलेले मूल सुखरूप पोहोचेल याची काळजी कोणी, केव्हा आणि कशी घ्यावयाची, हा प्रश्न त्या बसइतकाच सहलीच्या प्रत्येक गाडीस लागू आहे. आज आम्ही त्याचाच विचार करू इच्छितो.

आमच्या जिल्ह्यातील सहलींचे मार्ग ठरलेले आहेत. शहाद्याहून वर चढून तोरणमाळचा यशवंत तलाव पाहावयाचा, प्रकाशे येथे तापीकाठची मंदिरे पाहावयाची, उनपदेवच्या उष्ण झऱ्यात हात बुडवावयाचे; नाहीतर सीमा ओलांडून उकाई, सापुतारा किंवा केवडिया गाठावयाचे. यांतील बहुतेक ठिकाणी वाटेत घाट आहे, नाहीतर मुक्कामी पाणी आहे. काही ठिकाणी दोन्ही आहेत. म्हणजे धोका कोठे आहे हे शोधण्यासाठी एखादी समिती नेमण्याची गरज नाही. तो नकाशावरच दिसतो.

आजवरचे अनुभवही हेच सांगतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी समुद्रात बुडाले. डिसेंबर २०१८ मध्ये आमच्या शेजारच्या डांगच्या जंगलात सुरतेच्या मुलांची सहलीची बस दरीत गेली. जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेच्या फुगवट्यात भूषा गावाजवळ माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि आमच्याच धडगाव भागातील आदिवासी कुटुंबांवर आकाश कोसळले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव बुडून बारा मुले व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. त्या नावेत चौदा जणांची सोय होती आणि त्याहून कितीतरी अधिक जण तीत बसविले गेले होते. अनेकांच्या अंगावर तरंगण्याचे जाकीटही नव्हते. यांपैकी एकही घटना अकल्पित म्हणता येणार नाही. नावेत किती जण बसतात हे काठावर उभे राहून मोजता येते. तरीही अशा प्रत्येक प्रसंगी आपण दैवास दोष देतो, आणि ज्याने मोजावयास हवे होते तो मोकळा राहतो.

मुरूडच्या दुर्घटनेनंतर सूचना निघाल्या, परिपत्रके निघाली, परवानगीचे नियम कडक झाले. हे सर्व योग्यच होते. परंतु शाळाशाळांतून त्याचे रूपांतर कशात झाले, ते पाहिले पाहिजे. ते झाले संमतिपत्रात. ‘माझ्या पाल्यास मी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर सहलीस पाठवीत आहे,’ असा मजकूर छापावयाचा, त्याखाली पालकाची सही घ्यावयाची, असे सर्व कागद दप्तरात बांधून ठेवावयाचे, आणि सहल सुरक्षित झाली असे मानावयाचे! आम्ही विचारतो, अक्राणीच्या डोंगरातील जो बाप या कागदावर अंगठा उमटवितो, त्याला गाडीचा ब्रेक पाहावयास मिळतो काय? चालक रात्रभर जागा होता की नाही, हे त्यास कोणी सांगते काय? ज्या गोष्टी त्याच्या हातातच नाहीत, त्यांची जबाबदारी त्याच्या अंगठ्याखाली ढकलणे ही सुरक्षितता नव्हे. अपघातानंतर स्वतःस वाचविण्याची ती तजवीज आहे.

खरे नियोजन याहून निराळे असते, आणि ते अवघडही नाही. मुलांना न्यावयाच्या ठिकाणी एका शिक्षकाने आधी स्वतः जाऊन यावे, हा त्याचा आरंभ होय. रस्ता कोठे खचला आहे, कठडा कोठे नाही, भ्रमणध्वनीचा संपर्क कोठे तुटतो, हे त्याने टिपून ठेवावे. सातपुड्याच्या कित्येक दऱ्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यासाठीही आधी टेकडी चढावी लागते. म्हणून धडगाव, मोलगी, तळोदे यांपैकी कोणते रुग्णालय कोणत्या टप्प्यावर जवळचे, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. घाटाच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापतात व पकड सोडतात. जाणता चालक खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवितो. तेव्हा सपाट रस्त्यावर वर्षे घालविलेला चालक तेवढ्यानेच घाटास योग्य ठरत नाही. घाटातील प्रवास दिवसाउजेडीच व्हावा आणि आसने असतील तेवढीच मुले गाडीत बसावीत, हे तर निराळे सांगण्याचीही गरज पडू नये.

पाण्याच्या बाबतीत तर अधिकच सावध असले पाहिजे. जून २०१४ मध्ये हिमाचलातील बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी उतरले असता धरणातून अचानक पाणी सोडले गेले आणि त्यांपैकी चोवीस जण वाहून गेले. प्रकाशे व सारंगखेडे येथे तापीवर बंधारे आहेत. त्यांतून पाणी केव्हा सोडले जाणार, हे विचारल्यावाचून एकाही मुलास नदीच्या पात्रात उतरू देता कामा नये.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट एकच आहे. सहल निघण्यापूर्वी एका व्यक्तीच्या हाती ‘परत फिरा’ असे म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल तिला कोणी बोल लावता कामा नये. पैसे भरले आहेत, मुले हिरमुसतील, संस्थाचालक रागावतील, या धास्तीने अनेकदा शिक्षक गप्प बसतो. नावेत अधिक मुले बसत असताना त्यास दिसत नाही असे नाही. दिसते, पण बोलण्याचे बळ त्याच्यापाशी नसते. ते बळ मुख्याध्यापकाने लेखी दिले पाहिजे.

यास खर्च येतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, आणि आमच्या जिल्ह्यात तर तो टाळून चालणारच नाही. येथील सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. सहलीची वर्गणी म्हणजे कित्येक घरांत मजुरीचे काही दिवस. पैसा कमी पडला की स्वस्तातील गाडी ठरते, तीत अधिक मुले कोंबली जातात, आणि काटकसरीचा सर्व भार मुलांच्या जिवावर येऊन पडतो. एस. टी. महामंडळ शालेय सहलींस निम्म्या भाड्याची सवलत देते, तिचा लाभ प्रत्येक शाळेने घ्यावाच. परंतु उरलेले निम्मे भाडेही ज्यांना पेलत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेने व आदिवासी विकास विभागाने हात पुढे केला पाहिजे. शिक्षणाधिकाऱ्यांनीही परवानगीचा शिक्का उठविण्यापूर्वी कागदांची संख्या मोजू नये. रस्ता कोणी पाहिला, गाडी कोणी तपासली, चालक कोण, आणि परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, एवढे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे नावानिशी मिळत नसतील तर परवानगी नाकारावी.

दुसरा एक सोपा उपाय सुचविला जाईल, तो म्हणजे सहलीच बंद कराव्यात. त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. संपन्न घरचे मूल आईबापांबरोबर देश पाहील. आश्रमशाळेतील मुलीस मात्र शाळेने नेले नाही तर स्वतःच्या जिल्ह्याचे ठाणेदेखील पाहावयास मिळणार नाही. १९४२ मध्ये ज्या चौकात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळ्यांना सामोरे गेले, तो चौक पाहण्याचा हक्क त्या मुलीसही आहे. बंदी घातल्याने अधिकाऱ्यांची झोप शांत होईल, पण मुलांचे जग संकोचेल. इंग्लंडमध्ये मार्च १९९३ मध्ये लाइम उपसागरात लहान होड्यांतून नेलेली चार शाळकरी मुले मृत्यू पावली. त्या केंद्रात काम केलेल्यांनी तेथील धोक्याविषयी आधीच पत्र लिहून इशारा दिला होता, हे नंतर उघड झाले. त्या देशाने सहली बंद केल्या नाहीत. १९९५ मध्ये कायदा करून मुलांसाठी साहसी उपक्रम चालविणाऱ्या केंद्रांना तपासणी व परवाना सक्तीचा केला. दुःखातून शिकणे म्हणतात ते यास.

आमच्या शाळांनी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या हंगामात प्रत्येक मुख्याध्यापकाने संमतिपत्राच्या मागील कोऱ्या बाजूस शाळेची हमीही लिहावी: रस्ता आम्ही पाहिला आहे, गाडी तपासली आहे, चालक अमुक आहे, आणि धोका दिसल्यास आम्ही परत फिरू. त्याखाली त्याने स्वतः सही करावी, आणि मगच पालकाच्या अंगठ्यासाठी तो कागद पुढे करावा.