खलाशाला पास मिळतो, मग ताईला का नाही?

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये मी पस्तीस वर्षं काढली. वडीलही तिथलेच. १९२५ साली सुरू झालेल्या या प्रेसमध्ये टपालाची तिकिटं छापतात, स्टँप पेपर छापतात, पासपोर्टच्या पुस्तिका आणि परदेशी माणसाच्या पासपोर्टावर डकवायचे व्हिसाचे स्टिकरही छापतात. माझी बरीचशी नोकरी नंबर तपासण्यात गेली. छापलेली प्रत्येक शीट मोजायची, खराब निघालेलीसुद्धा. एक शीट कमी भरली तर भोंगा वाजून गेला तरी कुणी जागचं हलत नसे. त्यामुळे कागदपत्रांची कडक तपासणी म्हणजे छळ, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. नंबर चुकला की कागद बाद, हे मी स्वतः कित्येकांना ऐकवलंय.

गेल्या फेब्रुवारीत नेमकी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि माझी सख्खी बहीण दुबईच्या बंदरातून माघारी गेली.

ताई शहात्तर वर्षांची. लग्न झाल्यावर, १९७२ साली, ती इंग्लंडात लेस्टरला गेली आणि पुढे तिने तिथलं नागरिकत्व घेतलं. सुरुवातीला ती यायची तेव्हा व्हिसा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलाही नव्हता, कारण ब्रिटिश पासपोर्टावर भारतात यायला १९८४ पर्यंत व्हिसा लागत नसे. नंतर लागायला लागला तो स्टिकरचा. सुट्टीत घरी आली की मी तिचा पासपोर्ट मागून घ्यायचो आणि खिडकीच्या उजेडात ते स्टिकर न्याहाळायचो. ‘तुझ्या हातचं आहे का रे भाऊ हे?’ असं ती विचारायची, आणि मला खरोखर अभिमान वाटायचा.

तिचे सगळे कागद दाजी बघायचे. दाजी गेले आणि तिचं येणं तुटलं. २०२२ च्या दिवाळीला ती निघणार होती, पण कोरोनात बंद झालेला, ऑनलाइन मिळणारा ई-व्हिसा ब्रिटिश नागरिकांसाठी तेव्हा उघडलेलाच नव्हता. तो उघडला डिसेंबरात. दिवाळी हुकली, मग गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. एकटीने विमानं बदलत यायची तिला धास्ती बसली. शेवटी शेजारच्या बाईंनी, त्या जन्माने इंग्रज, एक जहाज शोधून काढलं. दुबईहून मुंबई, मुरगाव, कोची आणि पुढे कोलंबो. ‘मी सोबत येते, तू मला तुझा देश दाखव,’ असं त्या म्हणाल्या. मुंबईत जहाज रात्रभर थांबणार होतं. ताईला दगदग नको म्हणून आम्हीच पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचं ठरवलं. घरातली अकरा माणसं, द्राक्षांची पेटी, कोंडाजीचा चिवडा. चार वर्षांची नात ताईने फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिली होती.

व्हिसा तिने पंधरा दिवस आधी काढला होता. शोधल्यावर पहिली जी वेबसाइट आली ती तिने उघडली. वर अशोकस्तंभ होता, तिरंगा होता. सव्वाशे पौंड भरले. ती वेबसाइट सरकारी नव्हतीच. मधल्या कुठल्यातरी दलालाची होती, आणि त्याने खऱ्या पोर्टलवर तिचा अर्ज भरताना पासपोर्ट नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे टाकले. मंजुरी आली. ‘ग्रँटेड’ असं ठळक लिहिलेला कागद. ताईने त्याच्या दोन प्रती काढून पर्समध्ये ठेवल्या. दुबईत जहाजावर चढताना काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट आणि कागद शेजारी शेजारी धरले. नंबर जुळेना. मंजूर झालेल्या ई-व्हिसात नंबर दुरुस्त होत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तो भारतात पोहोचण्याच्या किमान चार दिवस आधी करावा असा नियम. जहाज संध्याकाळी सुटणार होतं. ताई म्हणाली, मी मुंबईत उतरत नाही, डेकवरून भावाला हात करते. तेही नाही. बहुतेक जहाज कंपन्या भारतात जाणाऱ्या फेरीवर व्हिसाशिवाय चढूच देत नाहीत, मग प्रवासी खाली उतरो वा न उतरो.

त्या मुलीने चूक केली असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही थांबवलं असतं. प्रश्न त्यापुढचा आहे. चूक सापडल्यावर ती सुधारायला आपण कुठे जागाच ठेवलेली नाही.

विमानाने येणाऱ्यासाठी ही ई-व्हिसाची व्यवस्था उत्तम आहे, हे आधी सांगतो. २७ नोव्हेंबर २०१४ ला ती ४३ देशांसाठी सुरू झाली आणि दीडशेच्या वर देशांपर्यंत पोहोचली. घरबसल्या अर्ज, फोटो आणि पासपोर्टचं पान अपलोड करायचं, बऱ्याच देशांच्या लोकांना तीस दिवसांच्या व्हिसासाठी एप्रिल ते जून १० डॉलर आणि एरवी २५. आमच्या प्रेसच्या स्टिकरची गरज त्याने कमी केली, तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. अडचण जहाजाची आहे, कारण ही पद्धत आखली गेली ती विमानाचा प्रवासी डोळ्यांपुढे ठेवून. तीस दिवसांच्या व्हिसाचा अर्ज पोहोचण्याच्या फार तर तीस दिवस आधी करता येतो. जगभर फिरणाऱ्या लांब पल्ल्याच्या जहाजावरचा माणूस तेव्हा भर समुद्रात असतो, आणि कंपनीला तर व्हिसा पहिल्या बंदरातच दाखवायचा असतो. म्हणजे त्याने एका दिवसाच्या मुंबईसाठी एक वर्षाचा व्हिसा काढायचा, ज्याचा अर्ज १२० दिवस आधी चालतो. शिवाय तीस दिवसांच्या व्हिसावर देशात दोनदाच शिरता येतं. जहाज कोचीहून कोलंबोला जाऊन चेन्नईला आलं की दुसरा प्रवेश खर्च झाला. मधे मालदीव करून तिसऱ्यांदा यायचं झालं तर तो व्हिसा पुरत नाही. हे हिशेब शहात्तर वर्षांच्या बाईने तिकीट काढताना करावेत, अशी आपली अपेक्षा आहे.

आता त्याच जहाजावरच्या स्वयंपाक्याकडे बघा. तो खलाशी म्हणून नोंदलेला असतो. बंदरात जहाज लागलं की त्याच्या खलाशीपुस्तिकेवर आपले इमिग्रेशनचे अधिकारी त्याला शोअर लीव्ह पास देतात. तो शहरात जातो, घरी फोन करायला सिमकार्ड घेतो, ठरल्या वेळी परत येतो. पर्यटकांच्या गटालाही सोय आहे. मान्यताप्राप्त भारतीय प्रवासी कंपनीमार्फत चार किंवा जास्त जण ठरलेल्या कार्यक्रमाने आले तर त्यांना एकत्रित लँडिंग परमिट मिळू शकतं. जपान आणि दक्षिण कोरियाच्या नागरिकांना तर आपल्या मोठ्या विमानतळांवर उतरल्यावर व्हिसा मिळतो. याचा अर्थ प्रवासी दारात उभा असताना तपासून आत घेणं आपल्या यंत्रणेला जमतं, ती रोज ते करते. फक्त एकटादुकटा जहाजाचा प्रवासी या कुठल्याच खणात बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबई, मुरगाव, नवं मंगळूर, कोची आणि चेन्नई या पाच बंदरांत जहाजाच्या प्रवाशाला धक्क्यावरच शोअर पास द्या. पासपोर्ट इमिग्रेशनकडे ठेवून घ्या हवं तर, बोटांचे ठसे घ्या, फी घ्या, रात्री परत जहाजावर हजर राहण्याची अट घाला. जपानने २०१५ पासून प्रवासी जहाजांसाठी अशी सोय केली आहे. तुर्कस्तानात जहाजाने आलेल्यांना ७२ तास व्हिसाशिवाय उतरता येतं. आणि हा पास सुरू होईपर्यंत निदान मंजूर ई-व्हिसातली नंबराची किंवा स्पेलिंगची चूक, मूळ पासपोर्ट समोर धरून, दुरुस्त करण्याचा अधिकार बंदरावरच्या अधिकाऱ्याला द्या. प्रेसमध्ये बाद शीटच्या जागी दुसरी काढायची रीत होती. तिची वेगळी नोंद व्हायची, दोन सह्या व्हायच्या, पण काम पुढे जायचं.

सुरक्षेचा मुद्दा लगेच निघेल, आणि तो निघायलाच हवा. २००८ च्या नोव्हेंबरात दहा अतिरेकी समुद्रातूनच मुंबईत शिरले. त्या आठवड्यात आमच्या प्रेसच्या गेटवर झडती किती कडक झाली होती ते मला चांगलं आठवतं. पण ते आले होते पळवलेल्या मासेमारी बोटीतून, रबरी होडीने, कफ परेडच्या कोळीवाड्याशी. ज्या जहाजाची प्रवाशांची यादी, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारखांसकट, बंदराला आधीच कळते, जिथे प्रत्येकाचं सामान आणि चेहरा चढता-उतरताना तपासला जातो, तो रस्ता लपून येणाऱ्याचा नसतो. उलट, आधीच हाती आलेली ती यादी नीट वापरली तर शोअर पास हा ई-व्हिसाइतकाच पक्का ठरेल.

सरकारला जहाजं हवी आहेत, यात शंका नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबई बंदरात क्रूझ भारत मिशन सुरू झालं, २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे म्हणून. २० सप्टेंबर २०२५ ला बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजं घेण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. इमारत झाली, आता दाराची कडी थोडी सैल करायची आहे.

नाशिककरांनी तर हा विषय उचलून धरायला हवा. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट टाळून मुंबईला जाता येऊ लागलं. जहाज मुंबईत एक रात्र थांबलं तर पांडवलेणी, रामकुंड आणि एखादी वायनरी आता आवाक्यात आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. मोठी अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातली, तेव्हा पावसाळा, प्रवासी जहाजं आपल्या किनाऱ्याला नसतात. पण जहाजांचा हंगाम हिवाळ्याचा, आणि असे दोन अख्खे हिवाळे सिंहस्थाच्या काळात पडतात. गोदावरीवर गर्दी कमी असताना येऊ इच्छिणारी म्हातारी माणसं, त्यांत परदेशी गेलेली आपलीही कितीतरी, त्या दोन हिवाळ्यांत येऊ शकतील. त्यांना उतरता येईल का, हे आत्ताच ठरवावं लागेल.

तोवर ज्यांचं कुणी बाहेर आहे त्यांना सांगतो. अर्जाच्या वेबसाइटचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो की नाही ते आधी बघा. बनावट साइट्सपासून सावध राहण्याची सूचना खऱ्या पोर्टलवरच आहे. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मूळचे भारतीय असाल तर ओसीआय कार्ड काढा, म्हणजे आयुष्यभर व्हिसाचा प्रश्नच येत नाही. ताईने ते ‘नंतर करू’ म्हणून ठेवलं होतं, कारण भारतीय नागरिकत्व सोडल्याचा कागद दाजींच्या कुठल्या फाइलीत आहे हे तिला सापडेना. जहाज कंपन्यांनीही तिकिटाचे पैसे घेताना व्हिसावरचा नंबर पासपोर्टाशी ताडून बघायला काय हरकत आहे? चढायच्या दारात चूक सापडून कुणाचंच भलं होत नाही.

आम्ही अकरा जणांपैकी मी एकटा मुंबईला गेलो. शेजारच्या बाईंचा व्हिसा बरोबर होता. त्यांना परत फिरायचं होतं, ताईनेच त्यांना बळेबळे पाठवलं. बॅलार्ड पिअरच्या गेटबाहेर मी नावाची पाटी धरून उभा होतो. त्या आल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि काही बोलल्याच नाहीत. ताईने दुबईत त्यांच्याकडे एक पिशवी दिली होती, त्यात माझ्यासाठी स्वेटर आणि नातीसाठी रंगपेटी. मी त्यांना गेटवे दाखवला, चहा पाजला, चिवडा आणि द्राक्षं दिली. आयुष्यात पहिल्यांदा भारतात आलेली ती बाई रस्त्याने माझ्या शेजारी चालत होती, आणि बिटको शाळेत शिकलेली, नेहरूनगरात वाढलेली माझी बहीण इंग्लंडच्या विमानाची वाट बघत बसली होती.

दाजींच्या फाइलीतला तो कागद गेल्या महिन्यात सापडला. ओसीआयचा अर्ज आता आम्ही दोघं फोनवरून भरतोय, रोज एक पान. काल पासपोर्टच्या नंबराचा रकाना आला. तिने वाचला, मी लिहून घेतला. मी वाचला, तिने बघितला. मग प्रेसमध्ये करायचो तसं मी तिला तो शेवटाकडून, एकेक आकडा थांबत, उलटा वाचायला सांगितलं.