तेयझेचा कोरा चहा

परदेशात एकटीनं फिरायचं ठरलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. आई सांगते, ‘अनोळखी माणसाकडून काही खाऊ-पिऊ नकोस.’ ग्रुपमधला एखादा सराईत भटक्या सांगतो, ‘लोकल लोकांशी बोलली नाहीस तर ट्रिप कसली!’ आता ऐकायचं कुणाचं?

गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. इस्तंबूलचंच घ्या. तिथला एक जुना फंडा प्रवाशांमध्ये चांगलाच बदनाम आहे. रस्त्यात कुणीतरी गोड बोलतं, ‘चल, एक ड्रिंक घेऊ’ म्हणतं आणि त्या बारमध्ये डोळे पांढरे करणारं बिल येतं. गेल्या ऑक्टोबरात मी हे सगळं वाचूनच तिथं गेले होते. पर्स पोटाशी धरूनच फिरत होते.

एमिनोन्यूहून कादिक्योयला फेरीबोट जाते. युरोपातून आशियात, वीसेक मिनिटांत! २०१३पासून समुद्राखालच्या बोगद्यातून ट्रेनही धावते. पण बोटीची गर्दी काही हटलेली नाही. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘हिंदिस्तान?’ मी मान हलवली. ‘राज कपूर!’ म्हणत त्यांनी चक्क ‘आवारा’ची धून गुणगुणायला सुरुवात केली. १९५१चा हा सिनेमा तुर्कस्तानात असा काही गाजला की १९६४मध्ये तिथं त्याचा तुर्की अवतारही आला. त्यांना इंग्रजी येईना, मला तुर्की. मग फोनवरचं ट्रान्सलेशन ॲप मधे बसवून गप्पा सुरू. ‘तेयझे म्हण,’ त्या म्हणाल्या. तेयझे म्हणजे मावशी.

थोड्या वेळानं ॲपची गरजही कमी झाली. साबणाला ‘साबुन’, दुकानाला ‘दुक्यान’, हिशेबाला ‘हेसाप’! प्रत्येक शब्द जुळला की तेयझे मांडीवर थाप मारून हसायच्या.

तेवढ्यात ट्रे घेऊन चहावाला आला. कमरेत बारीक असलेले काचेचे पेले, कोरा लालभडक चहा, सोबत साखरेचे दोन क्यूब. आपल्या कटिंगचा चुलतभाऊच. मी पर्स उघडली, तर तेयझेंनी माझा हात दाबून धरला आणि एकच शब्द म्हणाल्या, ‘मिसाफिर’.

मला वाटलं, मुसाफिर म्हणतायत. ॲपनं सांगितलं, पाहुणा! मूळ अरबी शब्द एकच. आपल्याकडे येताना तो प्रवासी राहिला, त्यांच्याकडे पोचून पाहुणा झाला. अचानक दारात आलेल्या माणसाला तर तुर्कीत ‘देवाचा पाहुणा’ म्हणतात. म्हणजे आपल्या ‘अतिथी देवो भव’ची मावशीच की!

कादिक्योयला उतरल्यावर तेयझेंनी बाजाराचा रस्ता बोटानं दाखवला, गालावर हात ठेवला आणि पिशव्या उचलून निघूनही गेल्या. नंबर नाही, सेल्फी नाही.

हा चहा मी बिनधास्त प्यायले, कारण सगळं समोर होतं. भरलेली बोट, सगळ्यांना त्याच ट्रेमधून चहा आणि कुठंही ‘चल माझ्याबरोबर’ नाही. सावधपणा म्हणजे तोंड फिरवून बसणं नव्हे. समोरचा आपल्याला कुठं न्यायला बघतोय का, एवढं तपासलं तरी बराचसा प्रश्न सुटतो.

आणि हो, हे फक्त तिकडचंच कौतुक नको. दादरच्या ब्रिजवर पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन उभी असलेली, इंडिकेटरकडे बघून गोंधळलेली परदेशी मुलगी आपणही पाहतो. कानात इअरफोन असतात, आपली लोकल आलेली असते. पण फास्ट कुठली, स्लो कुठली, लेडीज डबा कुठं येतो, एवढं सांगायला एक मिनिट पुरतं. वर कटिंग पाजलीत तर बेस्टच. फक्त पैसे तिला देऊ देऊ नका!