पाढे तोंडपाठ, पण हिशेब कोणाच्या हाती?

आमच्या वस्तीतली चौथीतली एक मुलगी. वीसपर्यंतचे पाढे तिला तोंडपाठ. 14 एप्रिलच्या कार्यक्रमात तिने सतराचा पाढा न अडखळता म्हटला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली. एका संध्याकाळी तिची आई 22 किलो वेचून आली. भाव किलोला नऊ रुपये, हातात पडले 180. आम्ही मुलीला विचारले, बरोबर आहेत का? तिने नवाचा पाढा सुरू केला, "नव दाहे नव्वद"पर्यंत आली आणि थांबली. पुढे पाढाच नाही, असे म्हणाली.

ओट्यावर बसलेली तिची आजी कधी शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "वीस किलोचे नऊ ईसा, म्हंजे एकशे ऐंशी. वरच्या दोन किलोचे अठरा कुठी गेले?"

मित्रांनो, हा लेख त्या अठरा रुपयांबद्दल आहे.

आजीने जे केले त्याला शिक्षणशास्त्रात टप्प्याने मोजणे म्हणतात. दोन-दोनने, पाच-पाचने, दहा-दहाने उड्या मारत पुढे जायचे. गोवऱ्या असोत की संत्री, आपल्या आयाबाया विसाविसाने मोजत आल्या. पाच ईसा झाले की शंभर. हे गणितच आहे, पण शाळेने त्याला अडाणीपणा म्हटले आणि दुर्दैवाने आपणही तेच मान्य केले. समाजशास्त्र शिकताना 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या ओट्यावर कळला.

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकून घेत. त्या शाळेचे दार आपल्या पूर्वजांना बंद होते. गावाचा हिशेब पटवाऱ्याच्या दप्तरात राहिला आणि राबणारा अंगठा उठवत राहिला. म्हणूनच 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिराव फुल्यांनी खेड्यातल्या मुलांच्या अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला. बाबासाहेबांच्या चरित्रातला फळ्याचा प्रसंग आपण दरवर्षी भाषणात सांगतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला बोलावले आणि सवर्ण मुले फळ्यामागचे आपले डबे काढायला धावली. त्या फळ्यापर्यंत पोहोचायला एवढी किंमत मोजावी लागली. आज आपली मुले फळ्यापाशी पोहोचली आहेत, पण तिथे ती काय करतात, हे कोण पाहते?

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली म्हणून अग्रलेख, विधिमंडळात विनोद. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिले आहेत. ऐकतो कोण? थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासमोर बसून पाहिले असेल? तीनपासून दहा-दहाने उड्या मारा: तीन, तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. अंकात तीन तसाच राहतो, तोंडात मात्र तो ते, तेह, त्रे, त्र्या होत जातो. ज्याच्या घरी हे शब्द रोज कानावर पडतात त्याला ते सोपे. वीटभट्टीवरच्या पोराला ती दुसरी भाषाच. 'साठ तीन'मध्ये उडी दिसते, 'त्रेसष्ट'मध्ये ती लपते. एवढा साधा मुद्दा होता.

आता आपल्या घरात पाहू. व्हॉट्सॲपवर तीन वर्षांच्या मुलाचा "टू वन जा टू" म्हणतानाचा व्हिडिओ येतो आणि आपण जयभीम लिहून अंगठा दाखवतो. अर्थ न कळता घोकणे, घोकले म्हणून विद्वान ठरणे, हा कोणाचा वारसा आहे? परंपरेने ऐकत आलो एवढ्यावरून खरे मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी. पाढे नकोत असे आमचे अजिबात म्हणणे नाही. पाढा हवाच, वेगासाठी हवा. पण आधी उडी, मग पाढा. नाहीतर 'नव दाहे नव्वद'च्या पुढे भिंत येते.

अकोला-अमरावतीच्या वस्त्यांत आमचे संध्याकाळचे वर्ग विहारातच भरतात. साहित्याला पैसा लागत नाही. विहाराच्या दारातल्या चपलांपासून सुरुवात होते: एक मनात, दोन मोठ्याने, तीन मनात, चार मोठ्याने. मग जोड्या. पाचासाठी हाताचे पंजे, दहासाठी तुराट्यांच्या काड्यांचे गठ्ठे. मूल "दहा, वीस, तीस" म्हणते तेव्हा त्याने दर वेळी एक गठ्ठा पुढे सरकवला पाहिजे, नाहीतर हेही पोपटासारखेच होते. आमची पहिल्या वर्षी हीच चूक झाली. मुले शंभरपर्यंत धाडधाड म्हणायची, पण चार गठ्ठे आणि दोन काड्या समोर ठेवल्या की "दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ". सुट्या काडीलाही दहाचीच उडी. ते दुरुस्त करायला चार महिने गेले. आता गठ्ठ्यावरून काडीवर येताना मुले थांबतात, आवाज बदलतात: चाळीस... एक्केचाळीस, बेचाळीस. उलटेही मोजायला लावतो. वजाबाकी तिथूनच येते.

निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झाले. 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-गणित यावे, हे त्याचे ध्येय. असरच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातली तिसरीची साधारण तीनपैकी एकच मुलगा-मुलगी वजाबाकी करू शकली. आणि 2023 मध्ये आपल्या राज्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा घाट घातला. विसाचा टप्पा सरकारलाही येतो, फक्त तो शाळा वजा करायला वापरला जातो. त्याविरुद्ध निवेदने द्यावीतच. पण निवेदन देऊन परतणाऱ्या कार्यकर्त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळ चपला मोजायला द्याव्यात, ही आमची मागणी आहे. एमपीएससीच्या अभ्यासिका खूप झाल्या. सहा वर्षांच्या मुलाजवळ मांडी घालून बसणारे कमी पडतात.

त्या मुलीला आम्ही नवा पाढा दिला नाही. आजीजवळ बसवले. नव्वद, एकशे ऐंशी, मग एकशे एकोणनव्वद, एकशे अठ्ठ्याण्णव, अशी ती स्वतः चालत गेली. पुढच्या आठवड्यात आईसोबत काट्यावर गेली. कापूस भरला 19 किलो. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, हे शब्दातच आहे. तिने एकशे ऐंशीतून नऊ मागे घेतले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "एकशे एकाहत्तर."

मालकाने 170 दिले. एक रुपया सुटा नव्हता म्हणे. मागचे अठरा अजून यायचे आहेत.