‘ऑलिम्पिया’च्या मागची लोर

एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं ‘ऑलिम्पिया’ १८६५ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागलं आणि गहजब झाला. तेव्हाच्या तैलचित्रांत उजेड हळूहळू सावलीत उतरे, बाईचं अंग मऊ, गोलाईदार दिसे. मानेने मधल्या छटा जवळजवळ गाळल्याच. समोरून थेट उजेड, आणि ती नग्न बाई आपल्याकडे रोखून बघते. या नजरेवर आपण स्त्रीवाद्यांनी भरभरून लिहिलं. पण तिच्यामागे फुलं घेऊन उभी असलेली काळी मोलकरीण? तिचा झगा उजेडात आहे, चेहरा मात्र मागच्या गडद रंगात विरून जातो. आपणही तो तिथेच राहू दिला. लॉरेन ओ’ग्रेडी या कृष्णवर्णीय कलावतीने १९९२ साली याचा जाब विचारला, आणि तो योग्यच होता. (आपल्या शिबिरात चहा करणाऱ्या बाईचं नाव अहवालात येतं का?)

मोलकरीण म्हणून चित्रासाठी उभी राहिली तिचं नाव लोर. मानेने तिचं एकटीचं व्यक्तिचित्रही केलं होतं. ते ओळखलं गेलं ‘निग्रो स्त्री’ म्हणून. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०१९ च्या प्रदर्शनात ‘ऑलिम्पिया’ला ‘लोर’ असं नाव दिलं. तेही प्रदर्शनापुरतं.