बेअरिंग एवढेसे, वाद डोंगराएवढा

रत्नागिरीकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सलाम-दुआ झाल्यावर त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला आहे. मुलगा पाच वर्षांपासून शारजाहला नोकरीला आहे, लग्न अजून व्हायचे आहे. आता तो म्हणतो, जुनी पोर्शे ९११ घ्यायची, १९९९ ते २००४ च्या दरम्यानची, कारण तीच काय ती परवडणारी. त्याचे दोन दोस्त दोन टोकांना. एक सांगतो, "हात लावू नकोस, त्या मॉडेलचे इंजिन हमखास फुटते." दुसरा सांगतो, "सगळ्या अफवा आहेत, डोळे मिटून घे." भगिनी लिहितात, "सर, मला गाडीतले ओ की ठो कळत नाही. पण दोघेही इतके ठामपणे बोलतात की कोणाचे ऐकावे तेच समजेना. मुलाच्या पाच वर्षांच्या कमाईचा प्रश्न आहे."

मी स्वतः शाळेत स्कूटरवर जातो. पण गाड्यांविषयी वाचण्याचा नाद मला कॉलेजपासून आहे, आणि या एका मॉडेलवरचा वाद तर वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. भगिनींनी तो घरात बसून ऐकला, जगभरच्या शौकिनांनी तो गॅरेजांत आणि कोर्टातही केला. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

ही ९११ म्हणजे जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराची गाडी. १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून नाव ९११ झाले. इंजिन मागच्या बाजूला, सहा सिलिंडर आडवे, तीन-तीन समोरासमोर. आणि ते थंड ठेवायचे ते हवेने. रेडिएटर नाही, पाणी नाही. जवळजवळ पस्तीस वर्षे हे असेच चालले. त्या इंजिनाच्या खरखरीत आवाजावर लोक फिदा होते.

नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक झाली. त्यातच धूर आणि आवाज यांचे नियम कडक होत चालले होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवायचे तर नुसत्या हवेने ते डोके थंड ठेवणे कठीण. मग १९९७ मध्ये पाण्याने थंड होणारी नवी ९११ आली. तिचे कारखान्यातले नाव ९९६. खर्च वाचवण्यासाठी तिचा पुढचा भाग आणि बरेचसे सामान बॉक्सस्टर या धाकट्या, स्वस्त गाडीशी सामाईक ठेवले. जुन्या चाहत्यांना हे अजिबात रुचले नाही. हेडलाइटच्या आकाराला त्यांनी 'तळलेले अंडे' असे नाव ठेवले. पाण्याची ९११ ही खरी ९११ आहे का, यावर मित्रामित्रांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली. याच नाराजीमुळे ९९६ बरीच वर्षे सगळ्यांत स्वस्त ९११ राहिली. भगिनींच्या मुलाला परवडणारी गाडी हीच का, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे उत्तर एका बेअरिंगमध्ये आहे.

हे बेअरिंग काय करते ते आधी पाहू. पिस्टन खालीवर होतात आणि क्रँकशाफ्ट नावाचा मुख्य दांडा फिरवतात. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह ठरलेल्या क्षणी उघडावेत म्हणून कॅमशाफ्ट नावाचे दुसरे दांडे असतात. या दोघांच्या मधे ९९६ मध्ये आणखी एक दांडा आहे. क्रँकशाफ्ट त्याला चेनने फिरवतो आणि तो पुढे चेननेच कॅमशाफ्टना फिरवतो. या मधल्या दांड्याच्या एका टोकाला, क्लचच्या बाजूला, छर्ऱ्यांचे एक बेअरिंग आहे. सायकलच्या चाकात असते तशाच जातीचे, फक्त दोन्ही बाजूंनी सीलबंद आणि आत कारखान्यातच भरलेले ग्रीस.

अडचण त्या सीलमध्ये आहे. इंजिनाच्या गरम तेलात वर्षानुवर्षे राहून सील कडक होते. तेल आत झिरपते, ग्रीस धुऊन जाते. आत शिरलेले तेल मात्र खेळते राहत नाही; तिथेच साचून खराब होते. छर्रे झिजतात, दांडा डगमगतो, चेन जागेवरून सरकते. मग उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची टक्कर होते. मुठीत मावेल एवढ्या बेअरिंगमुळे सगळे इंजिन निकामी! नव्याने इंजिन बांधायचा खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या किमतीजवळ जातो.

पहिल्या दोस्ताची भीती म्हणजे हीच. ती खोटी नाही. पण 'हमखास' हा शब्द तपासायला हवा.

दहावीच्या वर्गात मी मुलांना एक सवय लावायचा प्रयत्न करतो. कोणी म्हणाले, "सर, त्या क्लासची मुले नापास होतात," की मी विचारतो, कितीपैकी किती? गाड्यांच्या शौकिनांतही हाच प्रश्न फार उशिरा विचारला गेला. ज्याचे इंजिन फुटले तो साहजिकच दहा जणांना सांगतो. त्याचे नुकसान झाले आहे, त्याला राग आहे. ज्याची गाडी सुरळीत चालते तो रविवारी फेरफटका मारून घरी येतो आणि गप्प बसतो. ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त फुटलेली इंजिने पडतात. उलट ज्याने दीड लाख किलोमीटर बिनघोर चालवली, तो छातीठोकपणे सांगतो की काही होत नाही. त्याचा अनुभव खरा असला तरी तो एका गाडीचा आहे.

अमेरिकेत या बेअरिंगवरून मालकांनी मिळून खटला केला. २०१३ मध्ये त्यात समझोता झाला आणि अटींत बसणाऱ्या मालकांना भरपाईची वाट मोकळी झाली. त्या निमित्ताने जे आकडे पुढे आले ते आजही प्रत्येक चर्चेत दिले जातात. सुरुवातीच्या गाड्यांत छर्ऱ्यांच्या दोन रांगांचे बेअरिंग होते. त्यांत बिघाडाचे प्रमाण शंभरात एकाहून कमी. साधारण २००० नंतर २००५ च्या सुमारापर्यंत एकाच रांगेचे बेअरिंग बसवले गेले. त्यांत सुमारे ८ टक्के.

आता हा ८ चा आकडा दोन्ही दोस्तांसमोर ठेवा. शंभरातल्या ९२ गाड्यांना हा त्रास झाला नाही, म्हणजे 'हमखास' चुकीचे. पण ज्या आठांना झाला त्यांचे सगळे इंजिन गेले, म्हणजे 'अफवा'ही चुकीचे. शंभरात आठ मुलांच्या सायकलची हवा जात असेल तर आपण हसून सोडून देऊ. शंभरात आठ घरांचे छप्पर पडत असेल तर मात्र आपण घर घेण्यापूर्वी वाशाला वाळवी आहे का ते बघू. किती जणांचे नुकसान होते याबरोबर झाले तर किती होते, हेही पाहावे लागते.

शिवाय '९९६' म्हटल्याने सगळे सांगून होत नाही. याच मॉडेलच्या टर्बो आणि जीटी३ या महाग गाड्यांत वेगळे इंजिन आहे. हान्स मेट्सगर या इंजिनिअरच्या शर्यतीच्या इंजिनांच्या घराण्यातले ते. त्यात ही भानगड नाही. पुढे २००९ च्या मॉडेलपासून कंपनीने नवे इंजिन आणले, त्यातून हा मधला दांडाच गेला. म्हणजे कोणत्या साली बनलेली, कोणते इंजिन, हे विचारल्याशिवाय कोणी मत देत असेल तर ते बाजूला ठेवावे.

या वादातली मला आवडलेली गोष्ट पुढची आहे. तोंडी भांडणाने वर्षानुवर्षे काही निष्पन्न झाले नाही. निष्पन्न झाले ते इंजिन उघडणाऱ्यांमुळे. काही मिस्त्री आणि मालक यांनी जुनी बेअरिंगे बाहेर काढली, कापली, मोजली. तेल बदलताना ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडून पाहण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यात धातूचा चकचकीत कण दिसला तर बेअरिंग झिजते आहे, असा तो इशारा. अमेरिकेतल्या एलएन इंजिनिअरिंग या लहान कंपनीने सिरॅमिक छर्ऱ्यांचे बेअरिंग तयार केले. मग छर्रेच नसलेले, दाबाने तेल पुरवले जाणारे बेअरिंगही निघाले. हे बदलायचे तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. म्हणून शहाणे मालक क्लच बदलायची वेळ येते तेव्हाच हेही काम उरकून घेतात. मजुरी एकदाच पडते. वाद आजही आहे, पण तो आता कोणते बेअरिंग चांगले आणि किती वर्षांनी बदलावे, यावर आहे. हातात सुटा भाग घेऊन केलेला वाद आणि ऐकीव माहितीवर केलेला वाद, यांत फार अंतर असते.

या गोंगाटात एक तोटाही झाला. सगळ्यांचे लक्ष त्या बेअरिंगवर, आणि दुसरा आजार मागे राहून गेला. या इंजिनांत सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडण्याची तक्रार असते. इंजिनाच्या एकाच बाजूने टकटक येते, एकाच बाजूच्या सायलेन्सरच्या नळीला काजळी जास्त धरते. बेअरिंग नवे बसवल्याची पावती पाहून गिऱ्हाईक खूश होते आणि हे विचारायला विसरते. घाबरायचे ठिकाण एकच ठरवून टाकले की माणूस इतर ठिकाणी बेसावध होतो.

आता त्या भगिनींना माझे उत्तर. बहन, मुलाला 'घे' किंवा 'घेऊ नको' असे सांगण्यापूर्वी पुढच्या गोष्टी करून घ्यायला सांगा.

गाडी पोर्शेचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी, आणि तो मिस्त्री विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. तपासणीचे पैसे मुलाने स्वतः द्यावेत. बेअरिंग बदलले आहे असे सांगितले तर कोणते, केव्हा आणि कुठे, याची पावती मागावी. फिल्टर कापून पाहावा. सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालून भिंती पाहाव्यात. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक नोंद असते, तीही काढून घ्यावी. चौथ्याऐवजी चुकून दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिन मर्यादेपलीकडे फिरवले असेल तर ते तिथे दिसते. मालक विसरला असेल, यंत्र विसरत नाही. पुढच्या बंपरमागे दोन्ही बाजूंना रेडिएटर आहेत, त्यांत पालापाचोळा आणि धूळ अडकते. शारजाहच्या वाळूत आणि उन्हात ते साफ आहेत ना, हे आधी पाहावे.

आणि शेवटची अट पैशाची. जितकी रक्कम गाडीला लागेल, तितकी सगळी साठवणूक मोकळी करून ही गाडी घेऊ नये. दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून ठेवता आली तरच घ्यावी. लग्नासाठी ठेवलेले पैसे या हिशोबात धरू नयेत. स्वस्तात मिळणारी महागडी गाडी विकत घेतल्यावर पुन्हा महागच होते, कारण तिचे सुटे भाग तिच्या नव्या किमतीचे असतात, जुन्या किमतीचे नव्हे. विकणारा तपासणीला नकार देत असेल तर मात्र किंमत कितीही उतरवू दे, तिथून उठून यावे.

शौक वाईट, असे मी म्हणणार नाही. या गाड्यांच्या मालकांत कितीतरी जण असे आहेत की सुट्टीच्या दिवशी गाडीखाली शिरून स्वतः तेल बदलतात, फिल्टर कापतात, बिघाडाचा आवाज कानाने ओळखतात. गाडी त्यांच्या दारात शोभेसाठी उभी नसते. कंपनीने तेलासाठी लांब मुदत दिली असली तरी ते निम्म्याहून आधीच बदलतात. मुलगा असा हुन्नर शिकायला तयार असेल, तर जुनी गाडी त्याला बरेच काही शिकवेल. दोस्तांना दाखवण्यापुरतीच हवी असेल, तर एक दिवस भाड्याने घेऊन हौस भागवावी; तेही स्वस्त पडेल.

आखातात गॅरेजमध्ये काम करणारे आपले अनेक वाचक आहेत. ज्यांच्या हातून अशी इंजिने उघडली गेली असतील त्यांनी जरूर लिहावे. मात्र लिहिताना गाडीचे साल, किती गाड्या पाहिल्या आणि त्यांपैकी किती बिघडलेल्या निघाल्या, हे तिन्ही लिहावे. त्या भगिनींना तुमच्या पत्राचा माझ्या लेखापेक्षा जास्त उपयोग होईल.