मशीनपुढे बसण्याआधी चार प्रश्न

मैत्रिणींनो, मुरुमं जातात, पण त्यांनी पाडलेले खड्डे मागे राहतात. मुलगी लग्नाची असली, की घरादाराची नजर त्या खड्ड्यांवरच. मुलाच्या गालावर तसेच खड्डे असले तर कुणी ब्रसुद्धा काढत नाही! बचतगटाच्या कामासाठी बीड, माजलगाव, परळीकडे जाते, तेव्हा आया मला हळूच बाजूला घेतात. "ताई, लेझरनं खड्डे बुजतेत म्हणं, खरं का हो?"

खरं आहे, पण अर्धं. लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी हे दोन उपचार आता जोडीने केले जातात. लेझरचा किरण कातडीत अतिशय बारीक छिद्रं पाडतो, मधली कातडी शाबूत ठेवतो, म्हणून जखम लवकर भरते. ही फ्रॅक्शनल पद्धत २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टरांनी पुढे आणली. रेडिओफ्रिक्वेन्सीत विजेच्या लहरींनी आतल्या थरात ऊब पोचवतात. दोन्हींमुळे कातडी नवं कोलॅजन तयार करते आणि खड्डा उथळ होतो. उथळ होतो, पुसला जात नाही. हे कोलॅजन तयार व्हायला काही महिने लागतात, सिटिंगही साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार तरी लागतात. म्हणजे तिथी पुढच्या महिन्यातली असेल, तर घाई करून काहीच पदरात पडणार नाही. उलट लाल, सुजलेला चेहरा घेऊन बोहल्यावर उभं राहावं लागेल.

आपली कातडी सावळी. लेझरची उष्णता जास्त झाली तर खड्डा राहतो बाजूला, वर काळा डाग पडतो. रेडिओफ्रिक्वेन्सीला कातडीच्या रंगाचा फारसा फरक पडत नाही, म्हणून डॉक्टर आपल्याकडे लेझरचा जोर कमी ठेवून तिची जोड देतात. हा अंदाज शिकलेल्या हातालाच येतो. पार्लरमध्ये स्वस्तात मशीन फिरवून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

म्हणून आधी चार प्रश्न विचारा. मशीन चालवणारे डॉक्टर त्वचारोगाचं शिक्षण घेतलेले आहेत का? नवी मुरुमं येणं थांबलं आहे का? कारण ती चालू असताना खड्डे बुजवणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. माझे खड्डे कुठल्या प्रकारचे? सुईने टोचल्यासारख्या खोल खड्ड्यांना एकट्या लेझरचा फारसा उपयोग होत नाही, त्यांना वेगळा उपचार लागतो. आणि शेवटचा प्रश्न, सगळ्या सिटिंगचा मिळून खर्च किती? कर्ज काढायची वेळ येत असेल, तर थांबा.

डॉक्टरांपासून काही लपवूही नका. गोरं होण्यासाठी लावलेली ट्यूब सांगा. तिच्यात स्टेरॉइड असेल तर कातडी पातळ होते आणि मुरुमं वाढतात. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती मिळतातच! मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस जाता कामा नयेत, बाळात व्यंग येऊ शकतं. लग्न ठरलेल्या मुलीला हे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं.

कुणी म्हणेल, एवढं विचारणारी बाई आगाऊ दिसते. दिसू द्या! न विचारता हो म्हणण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांसाठी २०१९ मध्ये सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शरीर आपलं, तर प्रश्नही आपणच विचारायचे.

सल्ल्यासाठी लगेच पुण्या-औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, धावायची गरज नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात आधी दाखवा. मुलीला हौस असेल तर जरूर उपचार करा, तिच्या आनंदासाठी करा. पाहुण्यांनी नाक मुरडलं एवढ्यासाठी मात्र तिला मशीनपुढे बसवू नका.