वजन उतरले, पण गोळ्यांचे काय?

२०१७ साली मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या एमान अहमद यांच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांचे किती किलो उतरले, याच्या बातम्या आपण सर्वांनी चवीने वाचल्या. आता सातारा-सांगलीची माणसेही पुण्या-मुंबईला जाऊन ही शस्त्रक्रिया करून येतात. गावात कौतुक होते. पुढे आयुष्यभर कोणत्या गोळ्या घ्यायच्या, हे मात्र कोणी विचारत नाही.

मध्यंतरी एक बाई दवाखान्यात आल्या. शस्त्रक्रियेला तीन वर्षे झालेली. तक्रार अशी, की तळपायाला मुंग्या येतात आणि चालताना चप्पल कधी निसटली तेही कळत नाही. पूर्वी मधुमेह होता, म्हणून मी प्रथम दोष साखरेलाच दिला. माझे चुकलेच. ब-१२ तपासले तर ते फारच खाली. गोळ्यांचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "वजन उतरलं की डॉक्टर, मग कशाला घ्यायच्या? दोन वर्षं झाली सोडून."

घोटाळा इथेच आहे. अन्नातले ब-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते आणि ते शोषले जायला जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. जठराचा मोठा भाग काढला की दोन्ही घटतात. बायपासमध्ये तर लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळतात आणि लोह, कॅल्शियम मुख्यत्वे तिथेच शोषले जाते. मग घरची भाकरी-मेथी कितीही पौष्टिक असो, एकटी पुरी पडत नाही. यकृतातला ब-१२चा साठा बराच काळ पुरतो, म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही. शाकाहारी मंडळींचा साठा बहुधा आधीच तोकडा असतो.

लोहाची व कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. (आपल्याकडे सगळी औषधे चहाबरोबरच पोटात जातात!) कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले बरे, त्याला आम्लाची फारशी गरज नसते. मात्रा रक्त तपासून डॉक्टरच ठरवतील.

शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील तर 'पित्त झालं असेल' म्हणून घरी बसू नका. शरीरातले ब-१ काही आठवड्यांतच संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती, की अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी ब-१ द्यावे.

माझे स्पष्ट मत आहे, की शस्त्रक्रियेचा खर्च विचारतानाच दरवर्षीच्या गोळ्यांचा आणि रक्ततपासण्यांचाही खर्च विचारावा. तो झेपणार नसेल तर घाई करू नये. आणि मोठ्या रुग्णालयांनी घरी सोडताना गोळ्यांचा कागद मराठीत द्यावा. या बाईंचा इंग्रजी कागद कपाटात साड्यांखाली घडी करून ठेवलेला होता.

त्यांना इंजेक्शने सुरू केली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. तळपायाची जाणीव अजून पूर्ण परतलेली नाही. त्या आता पट्ट्याची चप्पल वापरतात.